हिरवी राणी आणि भिंतीवरचा रिकामा खिळा

बाई, आधी जैनीबाईचं नाव घेतो. लाइट तिनं धरला होता. तिनं तो धरला नसता तर तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसतं आणि हे लिहायला मी बसलोच नसतो.

तुम्हाला तिची ओळख करून द्यायला नको. पण हे दुसरं कोणी वाचलं तर त्यांना कळावं म्हणून सांगतो. जैनीबाई जंगलातल्या गावाची, आलापल्लीच्या आठवडी बाजारात मोहाच्या झाडाखाली बसते आणि लाल मुंग्यांची चटणी पळसाच्या पानात बांधून विकते. आणि तुम्ही मंदाबाई, फोटो स्टुडिओवाल्या. गावातल्या निम्म्या लग्नांचे, बारशांचे आणि आधारकार्डांचे चेहरे तुमच्या हातून गेलेले. उरलेल्या वेळात तुम्ही त्याच लाल मुंग्यांच्या मागे. ती त्यांना कुटायची, तुम्ही त्यांचे फोटो काढायच्या. दोघींच्या मध्ये मी, लाइट धरून.

तुमची तेरवी झाली. तुमचा भाऊ चामोर्शीला परत गेला, धानाची पेरणी थांबली होती त्याची. जाताना स्टुडिओची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तू पाय, काय करायचं ते." तेव्हापासून रोज सकाळी शटर उघडतो. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायची माझी सवय अजून गेली नाही. फरक इतकाच की आता मागून कोणी म्हणत नाही, "अरे कोकण्या, कुलूप तुटंल, चोर नाई येणार."

मी इथला नव्हे, हे तुम्ही मला विसरू दिलं नाहीत आणि जाणवूही दिलं नाहीत. दोन्ही एकाच वेळी कसं जमवलंत ते मला अजून उमगलं नाही. गुहागरकडचा मी. सातवीतून शाळा सोडली, लग्नाच्या व्हिडिओवाल्यांबरोबर दिवे धरत फिरलो आणि फिरत फिरत इथल्या एका लग्नात येऊन तापानं आडवा झालो. मलेरिया. आमची पार्टी पुढच्या तारखेला निघून गेली. तुम्ही त्या लग्नात फोटो काढत होतात. मला स्टुडिओच्या मागच्या खोलीत झोपवलंत, वर पडद्याचं निळं कापड टाकलंत. शुद्धीवर आलो तेव्हा समोर भिंतीवर एक डोळा होता, माझ्या डोक्याएवढा. मला वाटलं ताप मेंदूत गेला.

"घाबरू नको," तुम्ही म्हणालात. "मुंगी हाय. चावत नाई, फोटो हाय."

ती ओळख. मी बरा झालो, तुम्ही जा म्हणाला नाहीत, मी गेलो नाही.

आमच्याकडे या मुंग्यांना ओंबील म्हणतात. आंबे काढायला वर चढलं की डोक्यावर सांडायच्या. आम्ही शिव्या द्यायचो आणि घरटं दिसलं की खालून झावळाची चुडी पेटवून धरायचो. त्याच मुंग्यांसाठी एक बाई ट्रायपॉडच्या पायांना लग्नातली टाल्कम पावडर चोळते, त्या घसराव्यात, वर चढू नयेत म्हणून, हे बघून मला आधी हसू आलं होतं. मग तुम्ही मला उलट्या भिंगातून बघायला लावलंत. जुन्या कॅमेऱ्याची लेन्स उलटी करून बसवली की मुंगी हत्तीएवढी होते, पण स्पष्ट दिसतो तो केसाएवढाच थर. डोळा धरला की मिशी जाते, मिशी धरली की डोळा जातो. तुम्ही रिंग फिरवायच्या नाहीत, सगळं अंगच पुढंमागं हलवायच्या, डुलल्यासारखं. "श्वास बाहेर टाक, मंग बटन दाब. भरल्या छातीनं फोटो हलते." आणि मला, थर्मोकोलच्या वाटीमागं फ्लॅश धरून उभ्या असलेल्याला, "लाइट झोपला का रे? वर धर."

स्टुडिओच्या भिंतीवर नवरा-नवरींच्या मधून तुमची ही दुसरी वरात चालली होती. करंजाच्या पानावर दुधी अंडी. कामकरी मुंगीच्या तोंडात धरलेली अळी, जिच्या लाळेच्या धाग्यानं त्या पानं शिवतात. एक मुंगी पान ओढून धरते, दुसरी अळीचा धोटा करून इकडून तिकडं फिरवते. गिऱ्हाइकं विचारायची, "बाई, हे शिवून राह्यली का?" तुम्ही म्हणायच्या, "हो, तुझ्या ब्लाउजपेक्षा चांगलं." पुढं कोषातली पांढरी, डोळे नुकते काळे झालेली. मग घरट्याच्या तोंडाशी पंखांच्या माद्या, हिरव्या, काचेसारख्या. शेजारी काळपट बारके नर. त्यापुढं उडण्याचा फोटो, तो हललेलाच होता, पण तुम्ही लावलात. "उडणं हललेलंच दिसते," म्हणालात. आणि त्यानंतर एक खिळा. नुसता.

त्या खिळ्यावर राणी स्वतःचे पंख काढते तो फोटो यायचा होता. वर्षानुवर्षं तो राहिला. कधी त्या उडाल्या तेव्हा आपण अहेरीला लग्नात होतो, कधी सापडली तेव्हा पंख आधीच गळलेले. शेवटी शेवटी तुम्हाला त्याच एका फोटोची ओढ होती. तापात बडबडायच्या तेही तेच.

आपलं भांडणही तिथंच अडलं होतं, बाई. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं माझी आई म्हणायची. मी ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही चिडलात.

"ज्यानं म्हण केली त्यानं मुंगी पायली नाई. नर मरते, ते खरं. मादी कायले मरंल? ती खाली उतरते, पंख पायानं दाबून मोडते आणि बसते पानाखाली एकटी. उडायचं जे मांस होतं ना अंगात, तेच जिरवून पोरं वाढवते. काई खात नाई तोपर्यंत."

"आणि परत घरी जात नाही?"

"कोणत्या घरी? घरच्यांनीच तं ढकलत दारापर्यंत आणलं होतं तिले."

त्याच आठवड्यात आईचा फोन आला होता की काजूची बाग बघायला माणूस नाही, तू येऊन जा, कायमचा ये. मी तुम्हाला ते सांगितलं होतं. तुम्ही लेन्स पुसत होतात. म्हणालात, "जाय ना मंग. कोणी धरून ठेवलं तुले?" मी म्हणालो, "लाइट कोण धरेल?" तुम्ही म्हणालात, "स्टँड मिळते बाजारात." आणि वर बघितलं नाहीत. मला त्या स्टँडचा इतका राग आला, की मी दिवसभर बोललो नाही. आज वाटतं, तुम्ही वर बघितलं असतं तर काय दिसलं असतं. एवढंच राहिलं, बाई. तुमचा चेहरा त्या वेळी कसा होता ते मला माहीत नाही. हजारो चेहरे टिपणाऱ्या बाईचा तो एक चेहरा.

मग या उन्हाळ्यातली गोष्ट. जुन्या नर्सरीच्या कुंपणालगत करंजावरचं ते घरटं तुम्ही थंडीपासून धरलं होतंत. दर बाजाराच्या दिवशी सकाळी आपण तिथं जायचो. तुम्ही पानांच्या फटीतून बघायच्या, हात न लावता, आणि म्हणायच्या, "भरून राह्यलं." जैनीबाई त्याच वाटेनं टोपली घेऊन बाजाराला यायची. थांबायची, बघायची, काही न बोलता पुढं जायची.

पंख फुटले, आता उघडीप मिळून दमट सकाळ आली की उडतील, अशा बेतात ते घरटं आलं आणि तुम्हाला तापानं धरलं. औषध चालू होतं, ताप उतरायचा, परत चढायचा. तुम्ही मागच्या खोलीत त्याच निळ्या कापडाखाली. तेव्हा जैनीबाई आली. हातात पानाचा मोठा पुडा. उंबऱ्यावर बसली.

"बाई, तुझं घर पिकलं होतं. मी आणलं."

"कोणतं घर वो?"

"तेच, करंजावरचं. तू राखून ठेवलं होतं ना. पंखवाल्या भरल्या होत्या नुसत्या. आणखी थांबली असती तं उडून गेल्या असत्या." तिनं पुडा उघडला. लाल तिखट, मीठ आणि त्यात चुरलेले हिरवे तुकडे. "तापाले याच्यासारखं काई नाई. खाय."

माझ्या तोंडापर्यंत शब्द आला होता. तुम्ही कापडाखालून हात वर केलात, लाइट बंद कर म्हणताना करायच्या तसा. मग बोट चटणीत बुडवलंत, चाटलंत, डोळे मिटलेत.

"मीठ कमी हाय," तुम्ही म्हणालात.

"तोंडच कडू हाय तुझं," जैनीबाई म्हणाली. "तापात लागत नाई मीठ."

ती समाधानानं गेली. दर आठवड्याला जो माणूस एका घरट्यापाशी येतो, आत डोकावतो आणि तोडत नाही, तो दुसरं काय करत असणार? ते भरण्याची वाट बघत असणार. पंखांची वेळ ही चवीची वेळ. तिच्या गावात लहान पोराला विचारलं तरी तो हेच सांगेल. आणि आजारी माणसाचं राखलेलं वाया जाऊ नये म्हणून ती भर उन्हात झाडावर चढली, अंगभर चावून घेतलं, आपल्या टोपलीतलं काही न विकता सगळं तुम्हाला दिलं.

ती गेल्यावर तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. "वर्षाची मॉडेल खाल्ली रे मी, कोकण्या." मग हसणं थांबलं आणि तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मी म्हणालो, तिला सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, "काय सांगू? तिनं मले सोनं आणून देल्लं, आन मी सांगू का हे पितळ हाय?" थोड्या वेळानं म्हणालात, "तू खाय ना जरासं." मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांत मी ती चटणी कधी खाल्ली नव्हती, तुम्ही दर बाजाराला चिडवायच्या. त्या दिवशी चिडवलं नाहीत. पुडा बंद करून उशाशी ठेवलात.

त्यानंतर चंद्रपूरला नेलं. तिकडून ज्या गाडीनं तुम्हाला आणलं तिच्यात मी पुढं बसलो होतो, ड्रायव्हरशेजारी. रस्ताभर सागाची झाडं. मला सारखं वाटत होतं मागून आवाज येईल, थांबव गाडी, त्या पानाकडे पाय. मी मान वळवली नाही.

तेरवीनंतरच्या बाजाराच्या दिवशी जैनीबाई स्टुडिओत आली. इतक्या वर्षांत ती कधी आत आली नव्हती, उंबऱ्यावरच बसायची. भिंतीजवळ गेली आणि एकेक फोटो बघत चालली. अंडी बघून हसली. अळीच्या धाग्याला बोट लावलं. पंखांच्या माद्यांपाशी बराच वेळ थांबली. मग खिळ्यापाशी आली.

"इथी काय होतं?"

मी सांगितलं. राणी खाली उतरते, पंख काढते, तो फोटो लागायचा होता. बाईला तेवढाच काढायचा राहिला होता.

तिनं खिळा अंगठ्यानं चाचपला.

"म्हंजे ते घर खायासाठी नव्हती राखत."

"नाही."

"मंग बोलली काऊन नाई? खाल्लं ना माझ्यासमोर."

तुम्ही सोन्या-पितळेचं जे म्हणाला होतात ते मी सांगितलं. जैनीबाईनं पदर तोंडाला लावला, टोपली उचलली आणि त्या दिवशी मोहाखाली बसलीच नाही. सरळ गावाकडे गेली.

मला धास्ती वाटली, आता ती येणार नाही. मला धास्ती वाटायला काहीही पुरतं, तुम्ही जाणता. तुमचा कॅमेरा ओलाव्यानं खराब होईल म्हणून मी तो तांदळाच्या डब्यात ठेवला होता, आणि तांदळाची धूळ आत जाईल म्हणून परत काढला होता. आईचा फोन येत होता. मी तिकिटाचं बघतो म्हणत होतो. तिकिटाचं बघत नव्हतो.

मग पाऊस पडून गेला, आभाळ उघडलं आणि अंगाला चिकटणारी सकाळ आली, बाजाराच्याच दिवशी. शटर अर्धं वर केलं होतं तेवढ्यात खालून जैनीबाईचे पाय दिसले, चिखलात भरलेले. ती वाकून आत आली. हातात पळसाचा द्रोण, वर दुसरं पान झाकलेलं.

"पाय बरं, हेच का?"

पान उचललं. आत करंजाची डहाळी आणि तिच्यावर हिरवी राणी. पंख जागेवर. काल-परवा ज्यांनी पंख टाकले त्या तिनं सोडून दिल्या होत्या, झाडाखाली वाकून वाकून पंखवाली शोधली होती. "भेटल्या खूप, पण सगळ्या बोडक्या," ती म्हणाली. "ही एक उशिरा उतरली. आता लवकर कर, हिले घाई झाली हाय."

बाई, कॅमेरा मी कधी तुमच्या परवानगीशिवाय डोळ्याला लावला नव्हता. ताटलीत पाणी ओतलं, मधोमध उपड्या पेल्यावर डहाळी ठेवली, राणी पळून जाऊ नये म्हणून. उलटी लेन्स बसवली. फ्लॅश थर्मोकोलच्या वाटीमागं धरला तर बटण दाबायला हात उरेना, बटण धरलं तर फ्लॅश पडेना नीट. स्टँड बाजारात मिळतो म्हणाला होतात, तो काही आपण कधी आणला नाही.

"दे इकडं," जैनीबाई म्हणाली.

तिनं फ्लॅश आणि वाटी दोन्ही हातांत धरली, ओल्या वाऱ्यात दिवा नेतात तशी. मी डोळा लावला. राणीनं मधला पाय उचलला, पंखावर टेकवला आणि अंग एका बाजूला कललं. पहिला पंख गळला तेव्हा मी श्वास धरून बसलो होतो, भरल्या छातीनं. फोटो हलला. मला रडू येईल असं वाटलं आणि माझ्या तोंडून आलं, "लाइट झोपला का? वर धर."

"झोपला नाई," जैनीबाई म्हणाली. "पाहून राह्यला. तू पाय."

मी श्वास बाहेर टाकला. अंग पुढं डुललं. राणीनं दुसरा पंख दाबला, तो बुडाशी वाकला, आणि मी बटण दाबलं.

डोळा मिळाला, बाई. मिशी गेली. पंख अर्धा मोडलेला आहे, त्याच्या शिरा दिसतात, खाली पानावर पहिला पंख पडलाय तो धूसर. तुम्ही काढला असता तर मिशीही राहिली असती. पण हा तुमच्याच खिळ्यावर लावलाय. लावल्यावर मागं सरकलो आणि सवयीनं बाजूला बघितलं, तुम्ही काय म्हणता ते ऐकायला. जैनीबाई उभी होती. ती म्हणाली, "थोडा वाकडा हाय." मग मी सरळ केला.

त्यानंतर ती राणी आम्ही मागच्या अंगणात सोडली, तुम्ही लावलेल्या आंब्याच्या रोपावर, पाऊस लागू नये अशा वळलेल्या पानाखाली. तिनं अंडी घातली आहेत. मी दिवसातून किती वेळा पान उलटं करून बघतो ते सांगत नाही, तुम्ही ओरडाल. पाली आहेत, पाऊस आहे, वारा आहे. ती काही खात नाही, अंड्यांवरून हलत नाही. कधी कधी मी तिच्यासमोर उकिडवा बसतो आणि तुमच्याशी बोलतो, कारण दुसरीकडे बोलायला जागा नाही. तुम्ही असता तर आत्ता पोटावर झोपून तिच्याकडे बघत असतात, साडीला चिखल. अंगणात नुसता उकिडवा मी.

काल आईचा फोन आला. कधी येतोस, विचारलं. मी म्हणालो, भेटायला येईन, काजूच्या वेळेला, आठ-पंधरा दिवस. आई म्हणाली, बरं. थोडं थांबून म्हणाली, "तिकडे कोण आहे रे आता तुझं?" मी म्हणालो, एक झाड लावलेलं आहे. तिला ते कळलं नसेल. तुम्हाला जे सांगायचं होतं ते त्या दिवशी स्टँडच्या रागात राहून गेलं, म्हणून आज सांगतो. मला कोणी धरून ठेवलं नव्हतं. मीच धरून होतो.

जैनीबाईचं मात्र मला फेडायचं आहे. तिनं त्या दिवशी बाजार बुडवला, चिखलात वाकली, आणि माझ्याकडून काही घेतलं नाही. चहासुद्धा उभ्यानं प्यायली. एका राणीचं पूर्ण घर व्हायला वर्षं जातात हे तुम्हीच सांगितलं होतं. ही जगली, हिची पोरं मोठी झाली, हे रोप झाड झालं आणि पानं शिवून घरटं पंखांनी भरलं, तर त्या उन्हाळ्यात मी मोहाखाली जाऊन जैनीबाईला बोलावून आणीन. म्हणेन, घर पिकलंय, मी राखून ठेवलंय, तुझ्यासाठी. तोडायला मी शिडी धरीन. आणि ती जे कुटेल ते तिच्यासमोर बसून खाईन. मीठ कमी असलं तर तेही सांगेन.